ताश-बेल खिंडीवरची बाराची नोंद

उलकानला डॉक्टर व्हायचं होतं. त्या वर्षी त्यांच्या गावातून तीन मुली ताश्कंदला वैद्यकीयच्या प्रवेशासाठी गेल्या होत्या. तिघींत उलकान गणितात सगळ्यांत पुढं आणि रसायनात सगळ्यांत मागं होती. रसायनानंच घात केला. यादी लावलेल्या भिंतीपाशी ती रडवेली उभी असताना टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, गणितात एवढे गुण आहेत तर हवामानशास्त्राला का जात नाहीस, डोंगराळ भागातल्या मुलांसाठी दोन जागा रिकाम्या पडल्यात. बापाला विचारायला वेळ नव्हता. तिनं सही करून टाकली. बाप घोड्यांचे कळप राखणारा. पाऊस पडणार की नाही हे सांगायला पाच वर्षं शिकावं का लागतं, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

"वर बघायचं आणि सांगायचं," तो म्हणायचा. "मी रोज सांगतो. मला कुणी पगार देत नाही."

चौऱ्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये तिची नेमणूक गावाच्या वरच ताश-बेल खिंडीवरच्या हवामान ठाण्यावर झाली. गावापासून बावीस किलोमीटर, सगळा चढ. वर दगडी भिंतींच्या तीन खोल्या, एक न्हाणीघर, वीज करायचं यंत्र, वाऱ्याचा खांब आणि चार पायांवर उभी असलेली पांढरी जाळीदार पेटी, जिच्यात तापमापक ठेवलेले असत. चौघं जण तिथं राहत. प्रमुख होते वालेंतीन पावलोविच, साठीला आलेले रशियन गृहस्थ. दर तीन तासांनी नोंद, चोवीस तासांत आठ वेळा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. पहिल्याच हिवाळ्यात हिमवादळात पेटीपर्यंत जाता येईना, तेव्हा उलकाननं मागच्या दोन आकड्यांवरून अंदाजानं तिसरा लिहिला. पावलोविचनी तो खोडला, अंगावर कोट चढवला आणि दोरीला धरून स्वतः बाहेर गेले. परत आल्यावर भुवयांवरचा बर्फ पुसत एवढंच म्हणाले, की रिकामी जागा सोडलीस तर कुणी रागावणार नाही, पण खोटा आकडा कधी भरू नकोस, कारण खाली कुणीतरी त्याच्यावर पाऊल टाकणार असतं.

मेदेर बिनतारी यंत्र चालवायचा. उंच, जरा वाकून चालणारा, गावातलाच. उलकाननं आणलेले आकडे तो पाच-पाचांच्या गटांत बसवायचा आणि खटक्यावर टकटक वाजवून राजधानीला पाठवायचा. त्याचा हात इतका सफाईदार होता, की तिकडचे लोक नाव न विचारता ओळखत. दोन वर्षं एका छपराखाली काढल्यावर त्यांचं लग्न होणारच होतं, तसं ते झालं. मुलगी झाली, चिनारा. तिला आजीकडे ठेवून दोघं पाळीपाळीनं खाली उतरत.

मग एक्याण्णव साली देशच मोडला. पावलोविच आपल्या लेकीकडे रशियाला निघून गेले. चौथा माणूस एका दुपारी बाजाराला म्हणून गेला तो आलाच नाही. इंधनाची गाडी वर्षातून एकदा, मग दोन वर्षांतून एकदा येऊ लागली. पगार तर कधी आला आणि कधी आला नाही हे दोघं विसरून गेले होते. तरी नोंद चुकली नाही. दोघंच आठ वेळा उठत. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात एका सकाळी मेदेरनं कानांवरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि लिहून घेतलेला कागद तिच्याकडे सरकवला. बाराची नोंद पाठवा. त्यानंतर यंत्र बंद. उपकरणं खाली आणा.

ती बाराला बाहेर गेली. नेहमीसारखी दोनदा वाचून तिनं नोंद घेतली. मेदेरनं ती पाठवली. तिकडून पोचपावती आली आणि तिच्यामागून पद्धतीबाहेरचे दोन शब्द आले, "माफ करा". कुणी पाठवले हे त्याला कधी कळलं नाही.

त्या दिवसापासून मेदेर दारू प्यायला लागला असं गाव म्हणतं. ते तितकंसं खरं नाही, तो आधीही प्यायचा. पण आधी तो पिऊन बोलायचा, आता पिऊन गप्प बसायला लागला.

उलकानला गावातच नदीकाठी लहानसं काम मिळालं. पाण्याची पातळी, सकाळ-संध्याकाळचं तापमान, आठवड्याला एक कागद. त्याहून मोठं काम तिला गावानंच दिलं. मेअखेरीस मेंढरं खिंडीपलीकडच्या उन्हाळी कुरणांवर न्यायची असत आणि निघायचा दिवस उलकानला विचारून ठरे. राजधानीहून हवामानाचा नकाशा यायचा, त्यावरून ती सांगायची. त्या नकाशात पूर्वी ताश-बेलचा एक ठिपका असायचा. आता त्या जागी दोनशे किलोमीटर लांबच्या दोन ठाण्यांना जोडणारी एक सरळ, गुळगुळीत रेघ होती. उलकानला ती रेघ दिसत होती. आपण काय सांगतोय आणि कशावरून सांगतोय हे तिला माहीत होतं. पण दहा वर्षं सगळं नीट निभावलं, आणि निभावत गेलं की माणूस धीट होतो.

दोन हजार नऊच्या मेमध्ये शरशेन विचारायला आला. शरशेन मेदेरचा मोठा भाऊ. सुनेनं थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ती त्याला बायके म्हणे, आणि तो तिला केलिन, म्हणजे सून, म्हणे. गुरुवारी निघू का, त्यानं विचारलं. तिनं नकाशा पाहिला, आभाळ पाहिलं. दोन्ही स्वच्छ होते.

"निघा बायके," ती म्हणाली. "रविवारपर्यंत काही नाही."

शुक्रवारी दुपारी खिंडीवर बर्फ कोसळला. गावात ऊन होतं. ठाणं चालू असतं तर त्या सकाळीच हवेचा दाब उतरताना दिसला असता, आणि पश्चिमेची कड, जी गावातून डोंगराआड लपते, ती काळी झालेली दिसली असती. चारशे मेंढरं गेली. शरशेनची बायको बुरुल शेवटची दोन कोकरं शोधायला मागं वळली होती. ती तिसऱ्या दिवशी सापडली, ठाण्याच्या ओसाड खोल्यांपासून हाकेच्या अंतरावर. भिंत तिला दिसली नसावी.

बुरुल उलकानची थोरली जाऊ. लग्नानंतर पहिल्यांदा खाली आली तेव्हा आकड्यांशिवाय काही न येणाऱ्या या सुनेला कणीक कशी तिंबायची हे बुरुलनंच शिकवलं होतं, आणि सासूला पत्ता लागू दिला नव्हता.

शरशेन तिला एका शब्दानं बोलला नाही. कुणीच बोललं नाही. बुरुलच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला घरच्या सगळ्या सुना बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळायला बसल्या होत्या. उलकान बाह्या सारून पोळपाटाकडे गेली, तेव्हा मधल्या जावेनं तो अलगद आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "तू बस. दमली असशील." ती बसली. संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून, रिकाम्या हातांनी. पुढच्या मेमध्ये तिच्या दारात कुणी विचारायला आलं नाही.

सायकल आली ती त्याच, म्हणजे दोन हजार दहाच्या, जुलैत. खिंडीवरून परदेशी सायकलवाले अधूनमधून उतरत. त्यांच्यातली एक चेक बाई, यित्का नावाची, गावाच्या वरच्या वळणावर आपटली आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. जिल्ह्याच्या गावी, नारिनला, दवाखान्यात पट्टा बांधून मिळाला, पण गाडीची सोय होईपर्यंत राहायचं कुठं? उलकानच्या घरात जागा होती, आणि तिच्याकडे तेव्हा येणारं-जाणारं कुणी नव्हतं. यित्का शाळामास्तरीण होती, लहानपणी सक्तीनं शिकलेलं रशियन तिला अजून आठवत होतं. अकरा दिवस दोघी चहा पीत बोलल्या. सायकल भिंतीला टेकून उभी होती. रुंद खाचांची चाकं, पुढं धक्के सोसणारा दुहेरी दांडा.

"बसून बघ," यित्का म्हणाली.

"मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे."

"मी साठीची आहे. घोड्यावर बसतेस ना? उतार आला की काय करतेस?"

"मागं सरकते."

"मग झालं तर. इथंही तेच. फक्त हा घोडा घाबरत नाही, तेव्हा घाबरायचं काम तुला एकटीला करावं लागतं."

पहिल्या दिवशी ती नदीकाठच्या चिखलात पडली, दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या कुंपणावर. कुंपणाला धरून उठताना तिला आत एक ओळखीची वस्तू दिसली. ठाण्यावरची पांढरी जाळीदार पेटी. रंग उडालेला, आत चार कोंबड्या. तिनं चाक सरळ केलं आणि पुढं निघाली. यित्का गेली ती एक हात गळ्यात बांधून, गाडीनं. सायकल ठेवून गेली. परत येईन म्हणाली होती, आली नाही.

गावानं तिच्याकडे पुन्हा मान वळवून पाहिलं ते या सायकलीमुळं. दुकानाशी बायका ताई म्हणावं तसं एजे म्हणत विचारायच्या, "उलकान एजे, घोडा म्हातारा झाला का तुम्ही?" मेदेर ओट्यावर बसून म्हणायचा, "नातवंडांना खेळवायचं वय. हिला आता खेळणं लागलंय." उन्हाळाभर तिनं रस्ता चढायचा सराव केला. आधी तिसऱ्या किलोमीटरला छाती फुटायची, मग सातव्याला, मग बाराव्याला. ट्यूबला ठिगळ लावायला शिकली. थांबवायची रबरं झिजली की राजधानीला जाणाऱ्या माणसाकडून मागवायची. येताना रस्ता सोडून मेंढरांच्या जुन्या पायवाटेनं उतरायला लागली, कारण ती वाट आठ किलोमीटरनं कमी होती. दगड, सुटी माती, ओढ्याची वळणं. मांड्या थरथरायच्या, बोटं वाकलेली तशीच राहायची.

ती वर कशासाठी जाते हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सप्टेंबरात पहिल्यांदा ती खिंडीवर पोचली. ठाण्याचं छप्पर नव्हतं. खिडक्या, दारं, फरशीच्या फळ्या, सगळं लोकांनी नेलं होतं. तिनं पाठीवरच्या पिशवीतून जुना दाबमापक आणि तापमापक काढले, भिंतीच्या सावलीत टांगले, वीस मिनिटं थांबली आणि बाराची नोंद घेतली. मग मागच्या मोठ्या दगडावर चढली, तिथं मोबाइलला दोन रेघा मिळत, आणि घरी फोन लावला.

"लिहून घे," ती म्हणाली.

मेदेरला काही कळेना. "काय लिहून घे?"

"ताश-बेल. बाराची."

फोनवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हं," तो म्हणाला. "सांग."

त्यानं आकडे पाच-पाचांच्या गटांत लिहून घेतले. बारा वर्षांनी. ती घरी आली तेव्हा वही टेबलावर होती, आणि बाटली फळीवरच होती.

त्यानंतरची पाच वर्षं बरी गेली असं म्हणायला हवं. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत, आठवड्यातून तीनदा ती वर जायची. सातला निघून साडेअकराच्या आत पोचायची. बाराच्या आधी पाच मिनिटं मेदेर टेबलाशी बसायचा, दाढी करून. एक दिवस तो दुकानदाराकडे गेला, काय बोलला कुणास ठाऊक, पण ओझ्यानं लंगडत ती पेटी घेऊन आला. घासून धुतली, दोनदा पांढरा रंग दिला, आणि खिंडीवरून जाणाऱ्या एका ट्रकवर चढवली. दोघांनी मिळून ती जुन्या जागी रोवली. मेदेर त्या दिवशी बारा वर्षं उलटून गेल्यावर खिंडीवर उभा होता. त्याला दम लागला होता. यंत्राच्या खोलीत जाऊन तो भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला हात लावून आला.

हे आकडे तिनं राजधानीला कळवले. मुख्य कार्यालयातली मुलगी फार आदबीनं बोलली. एजे, तुमचं काम मोठं आहे, पण ताश-बेल आमच्या यादीत नाही. हे आकडे ठेवायला आमच्याकडे रकानाच नाही. उलकाननं वह्या घरी ठेवल्या.

गावाला ती काय करते हे आता माहीत झालं होतं. चांगलं म्हणायचं नाही, वाईटही नाही. दोन हजार सोळाच्या मेमध्ये एका मंगळवारी ती वर असताना दाबमापकाचा काटा तिच्या डोळ्यांदेखत उतरला. पश्चिमेला ढगांची भिंत उभी राहत होती. तिनं नोंद सांगितली आणि मेदेरला म्हणाली, बायकेंना धरून ठेव, मी येते. त्या दिवशीइतक्या वेगानं ती कधी उतरली नव्हती. ओढ्यापाशी पडली, कोपर सोलपटलं, तशीच उठली. शरशेनच्या अंगणात घोड्यांवर सामान चढलेलं होतं. सात वर्षांत तिनं त्या अंगणात पाय टाकला नव्हता.

"बायके, जाऊ नका," ती म्हणाली. "उद्या-परवा मोठं येतंय. मी बघून आले."

शरशेननं तिच्या कोपराकडे पाहिलं. त्याला सत्तरी लागली होती.

"त्या वर्षी निघा म्हणालीस," तो म्हणाला.

"हो."

"तेव्हा बघून सांगितलं नव्हतंस?"

"नाही बायके. तेव्हा कागदावरून सांगितलं. आज बघून सांगतेय."

त्यानं सामान उतरवायला सांगितलं. त्याच्यामागं अजून चार घरं थांबली. बाकीचे गेले.

बुधवार स्वच्छ उजाडला. गुरुवारही. शुक्रवारी तर असं ऊन पडलं, की बायकांनी लोकरीचे नमदे वाळत टाकले. जे पुढं गेले होते त्यांनी ओढ्याकाठची चांगली कुरणं धरली. शरशेन आणि ती चार घरं आठवड्यानं निघाली, आणि त्यांच्या वाट्याला उन्हाळाभर दगडाळ उतार आला.

वादळ आलं होतं, पण ते चाळीस किलोमीटर उत्तरेला वळलं आणि पलीकडच्या खोऱ्यात कोसळलं. तिथं एक गुराखी दोन घोड्यांसकट गेला. उलकानला हे दहा दिवसांनी बाजारात कळलं. आकडा खरा होता. पण एका ठिकाणच्या आकड्यावरून वादळ आलंय एवढंच कळतं, कुठं जाणार ते कळत नाही. त्यासाठी भोवती दुसरं ठाणं लागतं, तिसरं लागतं. ताश्कंदला पहिल्याच वर्षी हे शिकवतात. हे तिला सगळं ठाऊक होतं, तरी पाच वर्षं ती चढत राहिली होती. आणि त्या खोऱ्यातल्या माणसांना कळवावं, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिला फक्त शरशेनचं अंगण दिसत होतं.

शरद ऋतूत शरशेन खाली आला आणि बुरुलच्या मागं पहिल्यांदाच त्यांच्याकडे चहाला बसला. सोबत वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या आणल्या होत्या. घरातलं, चिनाराचं, गुरांचं बोलून झालं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "केलिन, एक सांगू का. आता सांगत जाऊ नकोस."

तिनं त्याचा कप भरायला उचललेली किटली खाली ठेवली.

"मी रागानं नाही म्हणत. तुझ्यावर राग धरला तो केव्हाच गेला. पण तू सांगितलंस की आम्हाला ठरवावं लागतं. आणि तू चुकलीस की तुझं तोंड बघवत नाही. आम्ही आपले वर बघून निघू. मरायचं तेव्हा मरू."

मेदेर टेबलाशी बसला होता. त्यानं वही मिटली. "दादा बरोबर बोलतोय," तो म्हणाला, आणि भावाला सोडायला अंगणापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी ती वर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाराच्या आधी पाच मिनिटं मेदेर मात्र टेबलाशी जाऊन बसला. ते तो पुढं रोज करू लागला. फोन वाजायचा नाही हे त्याला माहीत होतं. साडेबारापर्यंत बसायचा आणि मग फळीकडे जायचा.

दोन हजार अठराच्या जानेवारीत तो पोटाच्या दुखण्यानं गेला. शेवटचे आठ दिवस त्याची उजव्या हाताची बोटं पांघरुणावर खटका वाजवल्यासारखी हलत असायची. उलकाननं खूप लक्ष देऊन पाहिलं, पण त्यातून काही शब्द लागत नव्हते. चिनारा मॉस्कोच्या बेकरीतून चार दिवसांच्या रजेवर आली आणि गेली. मेदेरच्या चाळिसाव्याला जावांनी उलकानला पोळपाट दिला. तिनं बोरसोक लाटले. हात जड होते, जाडसर झाले.

आता तिला एकसष्टावं लागलंय. नदीकाठचं कामही संपलं. तिथं सौर पत्र्याचं एक यंत्र बसवलंय, ते आपोआप आकडे पाठवतं. मागच्या वर्षी फेब्रुवारीपासून ते बंद आहे आणि कुणी बघायला आलेलं नाही. वह्या खाटेखाली आहेत. चिनारा फोनवर सांगते, मॉस्कोला ये, इथं बागेतही सायकल चालवता येते.

"आई, तिकडं एकटी पडलीस तर कोण उचलणार?"

"कुणी नाही," उलकान सांगते. घाबरवायला नाही, विचारलं म्हणून.

सायकल तिनं सोडलेली नाही. तिचं चाक दोनदा बदललं, दांडा एकदा गावातल्या लोहारानं जोडला. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा ती वर जाते. पिशवीत भाकरी आणि पाणी असतं, उपकरणं नसतात. वर पोचली की भिंतीच्या आडोशाला बसून खाते. बुरुल जिथं सापडली तिकडं पाठ करून बसायची तिची सवय आहे. ढग कोणते, वारा कुठला, हे डोळ्यांना आपसूक दिसतं. ते बंद करता येत नाही. दिसतं आणि तसंच राहतं.

मग ती पायवाटेनं उतरते. उतरायला पाऊण तास लागतो. त्या वेळात दोन बोटं सारखी ब्रेकच्या पट्टीवर असावी लागतात, पुढचा दगड, त्यापुढचं वळण, सुटी माती, पाणी, एवढंच बघावं लागतं. दुसरं काही मनात आलं तर ती पडते, आणि ती पडायला तयार नसते. तो पाऊण तास सरला की खालची घरं दिसायला लागतात. पहिल्या कुंपणापाशी ती उतरते, कारण तिथून पुढं कुत्री अंगावर येतात, आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत जाते.